चौथे दळ

क्लोव्हर नामक वनस्पतीच्या देठास बहुधा तीन दळे असतात. क्वचित चार आढळतात. सुमारे 5,000 त एक, असे मोजणाऱ्यांनी सांगितले आहे. युरोपात असे पान सापडणे हे सौभाग्याचे चिन्ह मानतात. आपल्याकडे गुरांना घालतात तो बरसीम याच जातीचा. परंतु त्याच्या भाऱ्यांतून चौथे दळ कोणी शोधीत बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. 2009 मध्ये जपानात एका पानास 56 दळे निघाली. चार दळांनी भाग्य उजळत असेल तर त्या गृहस्थाचे चौदापट उजळावयास हवे होते!

उलट, दलदलीत उगवणारी चौपतिया पाहावी. तिच्या प्रत्येक देठास चारच दळे, म्हणून लोक तिची भाजी करतात आणि विसरतात. म्हणजे मान मिळतो तो चार या संख्येस नव्हे, दुर्मिळतेस होय. बेलाचा न्याय निराळा. तीन दळे त्याला सर्रास येतात. पूजेस अट एवढीच की पान अखंड असावे, किडके नसावे. तरीही चार-पाच दळांचा बेल धुंडाळणारे आपल्यातही आहेतच.

'नशीब' हा शब्द पानापाशीच थांबता, तर हा छंद निरुपद्रवी ठरला असता. 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री येथील कारखान्यातून विषारी वायू सुटला. वारा जुन्या शहराकडे वाहत होता. तलावापलीकडच्या वसाहती पुष्कळशा बचावल्या. ती रात्र आमच्या जन्मापूर्वीची. परंतु 'नशीब म्हणून वाचलो' हे वडीलधाऱ्यांचे वाक्य ऐकतच आम्ही वाढलो. वाचलेल्याने कृतज्ञतेने तसे म्हणावे, त्यात गैर नाही. मात्र तेच वाक्य छोल्याच्या बाजूच्या कुटुंबांस लावून पाहावे. त्यांची मुले नशिबाने गेली काय? वाऱ्याची दिशा कोणाच्या हाती नव्हती, हे खरे. पण रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, सुटलेला वायू जाळणारा मनोराही चालू नव्हता. या गोष्टी माणसांच्या हातच्या होत्या.

गीतेच्या 18 व्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत दैव आहे, परंतु पाचवे. अधिष्ठान, कर्ता, साधने आणि नानाविध चेष्टा ही चार त्याच्या आधी येतात. संकट टळले की आपण पाचव्याचे आभार मानतो. कोसळले की दोषही त्याच्याच माथी मारतो, आणि आधीच्या चारांची चौकशी राहून जाते. ज्या गॅसपीडित स्त्रिया दरवर्षी डिसेंबरात भोपाळच्या रस्त्यांवर उतरतात, त्या या चारांविषयीच विचारीत असतात.