रिकामें यान सुखरूप उतरलें, मग निर्णय चुकला काय?

एकादें काम शेवटीं निर्विघ्न पार पडलें, एवढ्यावरून तें करण्याचा निर्णय शहाणपणाचा होता असें म्हणतां येईल काय? हा प्रश्न पंडितांच्या ग्रंथांतला वाटेल. पण ओढ्याला पूर असतां ज्यानें पाण्यांत गाडी घातली आणि जो पैलतीरीं पोहोंचला, त्याच्याविषयीं चावडीवर हाच वाद चालतो. पोहोंचला ना, मग झालें, असें बहुतेक म्हणतात. अलीकडे अंतराळांत घडलेल्या एका गोष्टीनें हा प्रश्न मोठ्या स्पष्टपणें पुढें आला आहे. म्हणून ती आम्ही वाचकांपुढें मांडतों.

पृथ्वीपासून सुमारें 400 किलोमीटर उंचीवर मनुष्यांस राहण्याजोगें एक स्थानक फिरत आहे. तें दीड तासांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालतें. 5 जून 2024 रोजीं बुच विल्मोर व सुनीता विल्यम्स हीं दोघें बोईंग कंपनीच्या स्टारलायनर नांवाच्या नव्या यानांतून तेथें जाण्यास निघालीं. (सुनीताबाईंचे वडील मूळचे गुजराथेंतील झुलासण गांवचे, त्यामुळें आपल्या देशांतही पुष्कळांचें लक्ष तिकडे लागलें होतें.) मुक्काम सुमारें आठ दिवसांचा ठरला होता. परंतु स्थानकाजवळ जातांना, यानाला वळविणाऱ्या 28 लहान इंजिनांपैकीं पांच बंद पडलीं. हेलियम वायुही गळत होता. पांचांपैकीं चार पुन्हां चालूं झालीं व यान स्थानकास लागलें. पण परतीच्या वाटेवर तीं कशीं वागतील, हें कोणासही निश्चित सांगतां येईना. जमिनीवर तशाच इंजिनाची परीक्षा केली, तेव्हां उष्णतेनें आंतला टेफ्लॉनचा एक लहानसा भाग फुगून इंधनाची वाट अडते असें दिसलें.

यान माणसें आणण्यास योग्य आहे, असें बोईंगच्या मंडळींचें मत होतें. नासा ह्या अमेरिकन सरकारी संस्थेनें 24 ऑगस्टला उलट निर्णय दिला कीं, यान रिकामेंच आणावें. तें 7 सप्टेंबरला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत सुखरूप उतरलें. त्या दोघांचा मुक्काम मात्र आठ दिवसांवरून 286 दिवसांवर गेला. तीं दुसऱ्या कंपनीच्या यानांतून 18 मार्च 2025 रोजीं परत आलीं.

तेव्हां हा सारा व्यर्थ भित्रेपणा होता, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. आणि कां पटत नाहीं, हें समजण्यास 2003 सालाकडे गेलें पाहिजे.

त्या वर्षीं 16 जानेवारीस कर्नालच्या कल्पना चावला व इतर सहाजण कोलंबिया यानांतून निघाले. सुमारें 82 सेकंदांनीं बाहेरच्या टांकीवरील फेसासारख्या हलक्या पदार्थाचा, पाऊण किलोच्या आंतबाहेर वजनाचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. पंखाचीं छायाचित्रें घ्यावीं, अशी कांहीं इंजिनिअरांनीं विनंती केली. ती मान्य झाली नाहीं. कारण काय? असे तुकडे पूर्वींच्या अनेक सफरींत आदळले होते, आणि दर वेळीं यान घरीं आलें होतें. 1988 सालीं अटलांटिस यानाच्या शेंकडों संरक्षक फरशांस इजा झाली, तरी तेंही आलें होतें. प्रत्येक सुखरूप परतीनें सावध व्हावें तें न होतां लोक अधिकच निर्धास्त झाले. 23 जानेवारीस यानाच्या कप्तानाला संदेश गेला कीं, असें पूर्वींही घडलें आहे, परतीविषयीं कांहीं चिंता नाहीं. 1 फेब्रुवारीस परत येतांना पंखाच्या भोंकांतून तप्त वायु आंत शिरला, टेक्सासवर यान मोडून पडलें, व सातही जीव गेले. त्याच वर्षीं पुढें तसाच तुकडा तशाच पंखावर वेगानें मारून पाहिला. सुमारें 16 इंचांचें भोंक पडलें.

तो संदेश धाडणारे अधिकारी स्टीव्ह स्टिच होते. त्यांनीं तो आपल्या लहरीनें लिहिला नव्हता. वरच्या मंडळींचा जो निष्कर्ष होता तोच कळविला. स्टारलायनरचें काम 2024 सालीं ज्या विभागाकडे होतें, त्याचे प्रमुख हेच स्टिच. यान वाळवंटांत उतरल्यावर, माणसें आंत असतीं तरी सुखरूप उतरलीं असतीं, असें मोकळेपणीं सांगणारेही तेच. ठरल्याप्रमाणें झालें असतें तर बरें होतें, ही रुखरुखही त्यांनीं लपविली नाहीं. आम्हांस ह्या बोलण्यांत खरें शहाणपण दिसतें. निर्णय योग्य होता असें ठरविण्यास, यान जळून जावें अशी त्यांस गरज भासली नाहीं.

पूर उतरल्यावर ओढ्याची खोली कोणीही मोजील. गाडीवानाला मात्र गढूळ पाणी पाहूनच ठरवावें लागतें. त्या वेळीं त्याला काय ठाऊक होतें आणि काय ठाऊक नव्हतें, ह्यावरूनच त्याला तोलणें न्यायाचें. शिवाय गाडींत कोण बसलें आहे हेंही पाहिलें पाहिजे. आपण जाणूनबुजून पत्करलेला धोका निराळा, आणि दुसऱ्याच्या जिवावर आपण घातलेला निराळा. अंतराळांत जाणाऱ्यांस धोका ठाऊक असतो. विल्मोर व विल्यम्स ह्यांस तो होताच, व यानांतील बिघाडाचीही त्यांस पुरी माहिती होती. कोलंबियांतील सातजणांस मात्र चिंता नाहीं एवढेंच कळलें होतें. आपल्या पंखाचें काय झालें आहे, हें जाणण्याची संधीही त्यांस मिळाली नाहीं. आमच्या मतें त्या घटनेंतली ही सर्वांत दुःखाची गोष्ट होय.

ह्यावर एक आक्षेप खरा आहे: सावधगिरीचीही किंमत पडते, आणि ती पुष्कळदां तिसऱ्यालाच द्यावी लागते. त्या दोघांस आणण्याकरितां 28 सप्टेंबर 2024 रोजीं निघालेल्या यानांत दोन जागा रिकाम्या ठेवाव्या लागल्या. त्या जागा झेना कार्डमन व स्टेफनी विल्सन ह्या दोघी बायांच्या होत्या. त्यांची तयारी झालेली असतां त्यांस मागें राहावें लागलें. विल्सनबाई पूर्वीं तीनदां अंतराळांत जाऊन आल्या होत्या. कार्डमनबाईंची ती पहिलीच वारी ठरली असती. त्यांस 1 ऑगस्ट 2025 रोजीं, दुसऱ्या यानाच्या कप्तान म्हणून, जातां आलें.