नळाचा वार

डास साचलेल्या पाण्यात होतात, हे एरंडोलात आता कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. 16 मेला राष्ट्रीय डेंग्यू दिवस, जुलै हा डेंग्यूविरोधी महिना, मग प्रभातफेऱ्या, भिंतींवरची घोषवाक्यं, आशाताईंच्या गृहभेटी. माहिती घरोघर पोचली आहे. तरी हौदावर बॅटरी मारली की अळ्या वळवळत तळाकडे पळतात, आणि अहवालात शेरा पडतो, ‘लोकांचं सहकार्य नाही.’

मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये मांडलं, की वागणूक घडायला माणसाला ते जमावं लागतं, तशी सोय असावी लागते आणि मनातूनही वाटावं लागतं. आपल्या मोहिमा जवळजवळ सगळा जोर वाटण्यावर लावतात. सोयीचं कुणी विचारत नाही.

‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ हा सल्ला शास्त्राला धरून आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा अंड्यापासून उडण्यापर्यंतचा प्रवास उन्हाळी दिवसांत साधारण 7 ते 10 दिवसांत उरकतो. मध्येच भांडं रिकामं केलं की साखळी तुटते. पण खानदेशात नळ रोज येतोच असं नाही. पुढचं पाणी चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. अशा घरातल्या बाईला शुक्रवारी 200 लिटरचा भरला ड्रम ओतून द्या म्हणणं म्हणजे पगाराच्या आधी पाकीट रिकामं करा म्हणणं. ती मान डोलावते आणि ओतत नाही. मला तरी यात अडाणीपणा दिसत नाही, हिशेब दिसतो.

आता दुसरी बाजू पाहा. गल्लीत “पानी उनं!” अशी हाक आली की तीच बाई शिळं पाणी सडा-सारवणाला, झाडांना, मोरीत काढून टाकते आणि ड्रम विसळते. म्हणजे कोरडा दिवस ती पाळतेच, फक्त तो नळाच्या वारी. उणीव एवढीच राहते, की विसळून भागत नाही. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या वर, ओलसर काठाला चिकटवून. ती सुकून महिनोन्महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. काठ काथ्याने खसाखसा घासायलाच हवा.

होंडुरासमधल्या एल प्रोग्रेसो शहरात 1990च्या दशकात संशोधकांनी हेच ओळखलं. तिथल्या बायका धुण्याच्या टाक्या ब्लीच आणि साबणचुऱ्याने साफ करायच्याच. संशोधकांनी त्यात थोडाच फेर केला: दोन्ही एकत्र कालवून पाण्याच्या वरच्या भिंतीला लावायचं, थोडं थांबून मग घासायचं. आपल्याकडे पिण्याचा रांजण नुसता घासलेलाच बरा.

सिमेंटचा हौद काही उपडा करता येत नाही. तिथे घट्ट बांधलेलं फडकं किंवा गप्पी मासे. नळाची पाळी दहा दिवसांवर गेली, तर ड्रमलाही झाकणाशिवाय इलाज नाही.

खरी अडचण कार्यालयातल्या टेबलांची आहे. पाण्याचं वेळापत्रक पाणीपुरवठा विभाग ठरवतो, कोरडा दिवस आरोग्य विभाग. गल्लीनिहाय पाण्याचा तक्ता आशाताईच्या हाती आला, तर तिची फेरी नळ सुटायच्या तासभर आधी पडेल. ड्रम तेव्हा तळाला गेलेला असतो आणि काथ्या बाईच्या हातात.