दार आणि संहिता

नाटक लिहून झाले, तालमी झाल्या, नाट्यगृहाची तारीख मिळाली, तरी पडदा वर जाण्याआधी संहिता एका मंडळाच्या टेबलावरून जावी, अशी रीत महाराष्ट्रात कित्येक दशके चालत आली आहे. त्या मंडळाचे नाव रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. व्यवसायातली माणसे मात्र त्याला सरळ 'सेन्सॉर' म्हणतात, आणि 'सेन्सॉर झालं का?' हा प्रश्न निर्मात्याला पहिल्या जाहिरातीच्या आधी विचारला जातो. बाल्कनीतल्या मागच्या दाराला त्या संध्याकाळी कुलूप आहे की नाही, हे तितक्याच तत्परतेने विचारणारे कोणी भेटत नाही.

करमणुकीच्या जागांवर आणि कार्यक्रमांवर सरकारचा परवाना नकोच, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. शेकडो अनोळखी माणसे अंधारात एका छपराखाली बसतात तेव्हा ती स्वतःचा जीव कुणाच्या तरी भरवशावर सोडतात, आणि तो भरवसा तपासणे हे सरकारचे कामच आहे. माझी तक्रार अशी की दीडशे वर्षे परवान्याच्या एकाच फाइलीत आपण दोन निराळे प्रश्न कोंबत आलो: ही जागा सुरक्षित आहे का, आणि इथे काय बोलले जाणार आहे? दुसऱ्या प्रश्नावर सरकारने डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. पहिला प्रश्न सही-शिक्क्यावर भागवला.

ही सवय जिथून आली तिथेच तिचा स्वभाव दिसतो. १८७६ साली कोलकात्यात 'गजदानंद ओ युवराज' नावाचे प्रहसन रंगभूमीवर आले. प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या घरातल्या अंतःपुरात नेणाऱ्या एका बड्या वकिलाची त्यात टिंगल होती. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी आधी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोग कायदा आला. नाट्यगृहांच्या लाकडी माळ्यांची किंवा रंगमंचावरच्या उघड्या दिव्यांची काळजी त्यामागे नव्हती. राज्यकर्त्यांची अब्रू हा त्याचा विषय होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध'मधला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारनेही ओळखले. १९०७ साली रंगमंचावर आलेल्या त्या नाटकावर १९१० मध्ये बंदी आली.

१८७६ चा कायदा पुस्तकातून निघायला २०१८ साल उजाडले. पण महाराष्ट्रात त्याची फारशी गरजच उरली नव्हती, कारण १९५१ च्या पोलीस कायद्याखाली १९६० साली स्वतंत्र नियम आले होते. सिनेमागृहे सोडून करमणुकीच्या इतर सर्व जागा आणि प्रयोग त्यांच्या कक्षेत येतात, आणि मेळे व तमाशे यांचा उल्लेख तर नियमांच्या लांबलचक नावातच आहे. मेळ्यांनी गणेशोत्सवात राजकीय पदे गाऊन इंग्रजांना भंडावले होते, तमाशाचा सोंगाड्या पाटलापासून राजापर्यंत कुणालाही सोडत नव्हता. स्वतंत्र महाराष्ट्राने या दोघांवरची नजर तशीच चालू ठेवली. जागेचा परवाना, प्रयोगाचा परवाना, तिकीटविक्रीचा परवाना हे सगळे पोलीस खात्याच्या अधिकारात एकत्र आले. इमारत, तिजोरी आणि संवाद यांची तपासणी एकाच कायद्याखाली!

विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ साली आले तेव्हा मंडळाने त्यात पुष्कळ काटछाट मागितली. नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग ती मान्य न करता मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. तो सगळा झगडा त्यांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये लिहून ठेवला आहे. रंगभूमीवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा. त्या निकालानंतर पूर्वपरीक्षणाची रीत संपायला हवी होती. ती संपली नाही. २०१६ साली अमोल पालेकरांना याच रीतीविरुद्ध पुन्हा उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. त्यांचा प्रश्न साधा होता: चित्रवाणीवरच्या मालिकेला आणि इंटरनेटवरच्या कार्यक्रमाला जे आधी दाखवून घ्यावे लागत नाही, ते फक्त नाटकाला का?

मंडळाच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद होतो: प्रमाणपत्र असले की निर्मात्याला संरक्षण मिळते, उद्या कुणी गोंधळ घातला तर सरकार पाठीशी उभे राहते. इतिहास तसे सांगत नाही. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' हे नाटक १९९८ साली मंडळाच्या परवानगीने सुरू झाले आणि निदर्शने होताच सरकारने ते थांबवले. प्रयोग पुन्हा सुरू व्हायला उच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल लागला. त्या नाटकाचा आशय मला पटत नाही. पण प्रमाणपत्र ज्या दिवशी कामाला यायला हवे होते त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरले, ही गोष्ट आशयाच्या पलीकडची आहे.

ज्यांनी आपल्याला ही व्यवस्था दिली त्यांनी स्वतःच्या घरी ती कधीच मोडली. इंग्लंडमध्ये १७३७ पासून लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत संहिता तपासल्या जात. १९६८ च्या थिएटर्स ॲक्टने ते बंद केले. त्या कायद्यातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते कलम थोडे वेगळे आहे. नाट्यगृहाला परवाना देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे ठेवला, पण परवाना देताना तिथे कोणत्या प्रकारची नाटके करायची याबद्दल अट घालता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले. आग, जिने, गर्दी, आरोग्य यांबद्दल हवे तेवढे कडक व्हा. नाटक तुमचा विषय नाही. १९६० चे नियम करताना आपल्यासमोर हे उदाहरण नव्हते, हे खरे. पण १९६८ नंतरही अर्धशतकाहून अधिक काळ गेला आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण माणसे तिथे मरतात.

दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी दुपारच्या खेळाला 'बॉर्डर' चालू होता. तळमजल्यावर, वाहनतळाच्या जागेत, वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याला त्या दिवशी सकाळीच आग लागून गेली होती आणि दुरुस्ती जेमतेम झाली होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास तो पुन्हा पेटला. धूर जिन्यावाटे वर चढला आणि बाल्कनीत भरला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्या होत्या, उजव्या बाजूची वाट बंद केली होती, बाहेर पडण्याच्या वाटेवर दार बंद होते. दिवे गेले. बाहेर पडा, अशी घोषणा झाली नाही. ५९ माणसे गेली, बहुतेक सगळी गुदमरून. आणि हे सिनेमागृह विनापरवाना नव्हते. १९८३ साली सुरक्षेतल्या त्रुटींवरून त्याचा परवाना काही दिवसांसाठी निलंबित झाला, त्या आदेशाला न्यायालयातून स्थगिती मिळाली, आणि पुढची जवळजवळ चौदा वर्षे ते दोन-दोन महिन्यांच्या तात्पुरत्या परवान्यांवर चालले. दर दोन महिन्यांनी कुणीतरी कागद पुढे केला आणि कुणीतरी त्यावर सही केली. त्या खुर्च्या आणि ती बंद वाट या सगळ्या काळात तिथेच होती. पडद्यावरच्या चित्रपटाचे प्रत्येक दृश्य प्रमाणन मंडळाने पाहून पास केले होते.

मुंबईत कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबना आग लागली, १४ जणांचा जीव गेला. काही जण आसऱ्याला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. राजकोटच्या गेमझोनमध्ये मे २०२४ मध्ये लहान मुलांसह पंचवीसहून अधिक माणसे जळाली. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना हरकत दाखलाच नव्हता. अशा प्रत्येक घटनेनंतर आठवडाभर तपासणीची मोहीम निघते, काही जागांना टाळे लागते, मग ती मोहीम विरते.

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा सांगतो की जागेच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यावी आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावे. चांगली तरतूद आहे. पण महाराष्ट्रातली बरीचशी मोठी नाट्यगृहे महानगरपालिकांच्याच मालकीची आहेत. पुण्याचे बालगंधर्व, ठाण्याचे गडकरी, पार्ल्याचे दीनानाथ. गावे मोजत गेलो तर यादी लांबेल. अग्निशमन दलही महापालिकेचेच. म्हणजे मालक आणि तपासनीस एकाच आयुक्ताला अहवाल देतात. नाट्यगृहाच्या मालकाला नोटीस द्यायची तर ती स्वतःलाच द्यावी लागते, आणि स्वतःला नोटीस देणारी कचेरी मी अजून पाहिलेली नाही.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली ती वास्तू, शेजारी खासबागचे कुस्तीचे मैदान. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रात्री प्रयोग नव्हता म्हणून जीवितहानी झाली नाही, एवढेच समाधान. शंभर वर्षांची रंगभूमी एका रात्रीत राख होताना पाहून कोल्हापूरचे कलावंत रस्त्यावर रडले. ते नाट्यगृहही महापालिकेच्याच ताब्यात होते.

परवान्याला तिसरी एक बाजू आहे, वेळेची, आणि ती मला खरोखर अवघड वाटते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावू देत नाहीत. बंदिस्त सभागृहांना त्यातून सूट आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. नियमाचा हेतू रास्त आहे. आजारी माणसाला, परीक्षेच्या मुलाला, पहाटे कामावर जाणाऱ्याला झोप हवी, आणि भिंती हलवणाऱ्या डीजेचा मला काडीचाही कळवळा नाही. पण नियमाचा फटका कुणाला बसला हे पाहा. ढोलकीच्या फडाचा तमाशा जत्रेत माणसे जेवून आल्यावर उभा राहतो. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी होता होता रात्र चढते आणि वग, म्हणजे तमाशाचा गाभा, उत्तररात्री सुरू होतो. दहाला आवाज बंद म्हणजे गौळणीलाच कनात उतरवायची. नारायणगावच्या राहुट्यांवर सुपारी ठरवताना फडमालकाला आता रकमेइतकीच घासाघीस परवानगीवर करावी लागते. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला सूट आहे, कनातीतल्या प्रेक्षकाला नाही. तमाशाचे नावही न घेता या नियमाने त्याचा उत्तरार्ध कापला.

शास्त्रीय संगीताचेही तेच झाले. पं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चाले. मध्यरात्रीनंतरचा मालकंस, पहाटेचा ललित, उजाडताना भैरव हे त्यांच्या वेळेला ऐकणारी एक पिढी तिथे घडली. मंडपातला महोत्सव दहाच्या आत आवरावा लागल्यावर ते प्रहरच मैफलीतून गेले. मला वाटते, घड्याळाऐवजी आवाज मोजणे हा मार्ग आहे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा नियमांतच आहे. शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर ती पाळली जात असेल, तर गावाबाहेरच्या माळावर वग का थांबावा? आणि सवलतीचे पंधरा दिवस गणपती, नवरात्र, शिवजयंती, वर्षअखेर यांतच संपतात. जत्रेच्या फडासाठी त्यांतले दोन राखून ठेवावेत, असे कुणाही जिल्हाधिकाऱ्याला का सुचू नये?

परवाना हे नकाराचेही साधन होऊ शकते, आणि डान्सबारच्या प्रकरणात ते उघड झाले. २००५ साली राज्याने बंदी घातली, पण तारांकित हॉटेलांना तिच्यातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली. मग २०१६ चा कायदा आला. त्यात बंदी नव्हती, अटी होत्या: शाळा आणि देवळांपासून एक किलोमीटर अंतर, नाचाच्या जागी कॅमेरे. मुंबईत असा एक किलोमीटर सापडणार कुठे? जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने यांतल्या बऱ्याच अटी रद्द केल्या आणि २००५ पासून एकही परवाना दिला गेला नसल्याची नोंद केली. त्या बारमध्ये जे चालले त्या सगळ्याची बाजू मी घेत नाही. पण तिथे नाचून घर चालवणाऱ्या बायका कागदावर 'परवानगी आहे' आणि प्रत्यक्षात 'नाही' यांच्या मधल्या फटीत पडल्या.

आणि हाच कागद कधी शिक्षेसाठी बाहेर निघतो. मार्च २०२५ मध्ये खारच्या हॅबिटॅट या छोट्या कलामंचावर एका विनोदी कलावंताच्या राजकीय टिप्पणीवरून शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली, आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक अनधिकृत बांधकाम पाडायला पोचले. बांधकाम खरोखर अनधिकृत असेल तर ते कित्येक वर्षे चालू का दिले? आणि धोकादायक नसेल तर नेमक्या त्याच दिवशी हातोडा का? सुरक्षेचा नियम आशयाच्या रागापोटी वापरला की पुढच्या वेळी खऱ्या धोक्याची नोटीसही लोकांना सूड वाटते. सुरक्षेच्या कायद्याचे याहून मोठे नुकसान नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी लहान जागांची आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने सत्तरच्या दशकात प्रायोगिक रंगभूमीला घर दिले. आजच्या नियमांच्या जंगलात एखादी शाळा तसे दार उघडायला धजेल का? शंभर प्रेक्षकांच्या खोलीला हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहाइतकेच कागद मागितले, तर खोली बंद होते किंवा लपूनछपून चालते, आणि लपूनछपून चालणारी जागाच खरी धोक्याची. ब्रिटनने २०१२ च्या लाइव्ह म्युझिक ॲक्टपासून सुरुवात करून लहान कार्यक्रमांना करमणुकीच्या परवान्यातून मोकळे केले. आज पाचशेपर्यंत प्रेक्षक असलेल्या नाटकाला, ते सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत असेल तर, असा परवाना लागत नाही. आगीचे नियम मात्र सुटत नाहीत.

महाराष्ट्राने एवढे करावे. पूर्वपरीक्षणाचे नियम काढून टाकावेत. कुणाची बदनामी झाली, कुणी हिंसेला चिथावले, तर त्यासाठी साधे कायदे आहेत आणि न्यायालये आहेत. दोनशेपर्यंतच्या जागांसाठी एकच अर्ज, एकच पाहणी आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर. महापालिकांच्या नाट्यगृहांची तपासणी महापालिकेबाहेरच्या यंत्रणेकडून. आणि जानेवारी-जुलैचे ते प्रमाणपत्र, तपासणाऱ्याच्या नावासह, तारखेसह, बाहेर पडण्याच्या दारांच्या संख्येसह, तिकीटखिडकीच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लावलेले असावे, म्हणजे तिकीट काढणारा माणूस आत जाण्याआधी ते वाचेल, आणि ते लावलेले नसेल तर पैसे परत मागेल.