रिकामी बाटली कुणाची?

आपल्याकडच्या पाण्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत एक सूचना असते: वापरून झाल्यावर बाटली चुरडून टाका. ती का, हे रेल्वेने फिरलेल्या माणसाला सांगायला नको. धड बाटली टाकली तर कुणीतरी ती उचलेल, नळावर भरेल, बूच घट्ट बसवेल आणि पुढच्या गाडीला विकेल. जर्मनीत नेमकं उलटं. तिथे बाटली चुरडली तर नुकसान आपलंच. सुपरमार्केटात रिकाम्या बाटल्या परत घेणारं यंत्र असतं. त्याला बाटलीवरची पट्टी आणि ठरावीक खूण वाचता आली, तरच २५ सेंट परत मिळतात, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. लेकीच्या बाळंतपणाला म्युनिक-फ्रँकफर्टला गेलेल्या आया हे पहिल्याच आठवड्यात शिकतात. सवयीने हात बाटली पिळायला जातो आणि मागून आवाज येतो, "आई, चेपू नकोस गं!"

परदेशी फिरून पर्यावरणाबद्दल जे काही शिकता येतं, ते मला तरी या दोन सूचनांमध्ये बरंचसं सापडतं. पाणी पिऊन संपलं, आता ही बाटली कुणाची? आपल्याकडे त्या क्षणापासून ती कुणाचीच राहत नाही. उलट ती पुन्हा कुणाच्या कामी येऊ नये, अशी काळजी घ्यायला सांगितलं जातं. तिकडे ती रिकामी झाल्यावरही कुणाची तरी असते, कारण तिच्यात २५ सेंट शिल्लक असतात.

परत आलेल्या प्रवाशाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तिकडे काय स्वच्छता हो!" दुसरंही ठरलेलं असतं, "आपल्या लोकांना शिस्तच नाही." या दुसऱ्या वाक्याचा मला कंटाळा येतो. शिस्त काही तिकडच्या हवेत नसते. जर्मनीतली ही बाटलीची शिस्त किती रडतखडत आली, ते पाहण्यासारखं आहे. १९९१ साली तिथे वेष्टनांचा नियम झाला. पेयांच्या पुन्हा भरून वापरायच्या बाटल्यांचं प्रमाण ७२ टक्क्यांच्या खाली गेलं, तर एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत लावू, असं त्यात बजावलेलं होतं. प्रमाण घसरलंच. मग उद्योगांचा विरोध, कोर्टकचेऱ्या, आणि अखेर १ जानेवारी २००३ पासून ग्रीन पक्षाचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांच्या काळात अनामत लागू झाली. सुरुवातीला नुसता घोळ. काही साखळी दुकानं आपल्याच घाटाच्या बाटल्या परत घ्यायची, दुसऱ्याच्या नाही. तो घोळ निस्तरायला २००६ उजाडलं. आज अनामत असलेल्या जवळजवळ सगळ्या बाटल्या परत येतात. ज्यांना आपण उपजत शिस्तीचे समजतो, त्यांनाही पैसे अडकवल्यावरच बाटली परत करायची आठवण राहिली.

हेही सांगायला हवं की सगळं साधलं नाही. ज्या पुन्हा भरायच्या बाटल्या वाचवण्यासाठी हा खटाटोप झाला, त्यांचं प्रमाण पुढेही घटतच गेलं. लोकांनी हिशोब केला, की यंत्रात टाकली की पैसे मिळतातच, मग जड काच कशाला वाहायची? शिवाय बर्लिनच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसतं. पेन्शन पुरत नाही असे म्हातारे, बेघर माणसं कचरापेट्यांत हात घालून बाटल्या शोधत असतात. म्हणून पुष्कळजण बाटली पेटीत न टाकता पेटीच्या बाजूला उभी करून ठेवतात, शोधणाऱ्याचा हात घाणीत जाऊ नये म्हणून. श्रीमंत देशातलं हे दृश्य पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं. पण पाहून आलेल्या माणसाला आपल्या कोपऱ्यावर पाठीला पोतं लावून उभी असलेली बाई निराळी दिसू लागली, तर त्याचं तिकीट काही अंशी वसूल झालं असं मी म्हणेन.

जपानमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सुटला आहे. टोकियोत रस्त्याने चालता चालता काही खाल्लं, तर कागद टाकायला कचरापेटी मिळत नाही. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी तिथल्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला, माणसं दगावली. त्यानंतर सुरक्षेसाठी पेट्या हटवल्या गेल्या, त्या बऱ्याच ठिकाणी परत आल्याच नाहीत. कचरा रस्त्यावर येईल असं कुणालाही वाटलं असतं. लोक तो खिशात, पिशवीत घालून घरी नेऊ लागले. आपल्याकडचा पर्यटक पहिल्या दिवशी वैतागतो. दिवसभर केळीचं साल पिशवीत वागवणं म्हणजे काय! संध्याकाळी हॉटेलवर पिशवी उलटी केली की एका दिवसाचा आपला ऐवज टेबलावर पसरतो: चार वेष्टनं, दोन बाटल्या, कांड्या, सॉसच्या पुड्या, बिलं. घरी हे कधी एकत्र दिसत नाही. घंटागाडी येते आणि ते नजरेआड होतं.

शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांताच्या डोंगरात कामिकात्सू नावाचं गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास, त्यातही म्हातारी माणसं जास्त. या गावात कचऱ्याची गाडीच येत नाही. पूर्वी तिथे कचरा उघड्यावर जाळत. मग छोट्या भट्ट्या आल्या, आणि डायऑक्सिनचे नियम कडक झाल्यावर त्याही बंद कराव्या लागल्या. मोठी भट्टी बांधायला पैसे नव्हते. तेव्हा २००३ साली गावाने जाहीर केलं, की २०२० पर्यंत आमच्याकडे जाळायला किंवा पुरायला कचरा उरणार नाही. थोर विचारापेक्षा रिकाम्या तिजोरीनेच हे घडवलं, हे मला फार आवडतं. ओला कचरा ज्याचा त्याने घरी जिरवायचा. बाकीचा धुऊन, वाळवून, गाडीत घालून केंद्रावर आणायचा आणि चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करायचा. ॲल्युमिनियमचा डबा वेगळा, लोखंडाचा वेगळा, बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं. प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असतं, की हा माल पुढे कुठे जाणार, आणि त्यातून गावाला किलोमागे किती येणे आहे किंवा किती देणे आहे. ओट्यावर एका हाताला आरसा आणि दुसऱ्या हाताला थर्मोकोल घेऊन उभं राहिलं, की कोणती वस्तू गावावर बोजा आहे ते व्याख्यानाशिवाय समजतं.

कामिकात्सूला संपूर्ण यश आलं नाही. सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो, वीसेक टक्के उरतोच. लंगोट, सॅनिटरी पॅड, एकमेकांना चिकटवलेले दोन-तीन पदार्थ असलेल्या वस्तू. घरातल्या माणसाने कितीही धुतलं-निवडलं तरी यांचं काही करता येत नाही, कारण त्या तशाच बनवलेल्या आहेत. गावाने आपली बाजू शेवटच्या झाकणापर्यंत सांभाळल्यावर उरलेला वीस टक्क्यांचा ढीग कारखान्याच्या दाराकडे बोट दाखवतो. गावाचं हे अपयश मला त्याच्या यशापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, की यात नवल काय, हे सगळं आपल्याकडे होतंच. होतं, खरं आहे. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. गोटी सोड्याची बाटली दुकानाबाहेर नेता येत नव्हती. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडी द्यायची. पण हे आठवून सुस्कारा टाकणाऱ्यांना मी विचारतो, मग ते गेलं कसं? कुणी लुटून नेलं नाही. पिशवीतलं दूध सोयीचं होतं, आपण ते आनंदाने घेतलं, आणि त्या पिशवीचं पुढे काय होणार हे ना डेअरीने विचारलं ना आपण. पुष्कळ घरांत ती धुऊन, वाळवून रद्दीत जाते, ही चांगलीच गोष्ट. तीतही एक खोच आहे. पिशवीचा कोपरा कापून वेगळा केला, तर तो नखाएवढा तुकडा कुठल्याच रद्दीत जात नाही, थेट गटारात जातो. चीर द्यावी, तुकडा पिशवीला लटकत ठेवावा.

आणि जे आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर आहे, त्याचं काय? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. दारावर येऊन ओला-सुका वेगळा घेणाऱ्या या बायकांनी सांगितलं, की वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. एक ठिपका! तेवढाही न काढणारी माणसं कामिकात्सूच्या खोक्यांचे फोटो कौतुकाने दाखवतात, तेव्हा काय बोलावं कळत नाही.

अनामत कशी चालते हे बघायला परदेशी जायचीही गरज नाही. निलगिरीत दारूच्या बाटल्या फोडून लोक जंगलात टाकत आणि काचा हत्तींच्या पायात जात. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ पासून तिथल्या सरकारी दुकानांतल्या प्रत्येक बाटलीवर १० रुपये अनामत आली. बाटल्या परत येऊ लागल्या, बहुतेक सगळ्याच. माणसं तीच, जंगल तेच. उटीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी बोटॅनिकल गार्डनबरोबर हेही बघून यावं.

याउलट अकरा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलीत यातलं काही दिसण्याची शक्यता कमी. बसचा ड्रायव्हर युरोला एक पाण्याची बाटली देतो, ती सीटच्या जाळीत सोडून आपण उतरतो, परत येईपर्यंत जाळी साफ झालेली असते. खोली कुणीतरी आवरतं, नाश्त्याच्या प्लेटा कुणीतरी नेतं. तो प्रवास म्हणजे आपलीच सोसायटी चाकांवर. शिकते ती बाळंतपणाला गेलेली आजी, कारण तिला सहा महिने स्वयंपाकघर चालवायचं असतं. फ्रीजवर कचऱ्याचं वेळापत्रक लावलेलं असतं. कागदाचा दिवस वेगळा, वेष्टनांचा वेगळा, ओल्याचा वेगळा. काचेच्या बरण्या रंगानुसार तीन टाक्यांत टाकायच्या, आणि त्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो आणि रविवारी शेजाऱ्यांना शांतता हवी असते. सुरुवातीला ती यावर हसते. चौथ्या महिन्यात जावयाला सांगते, "अहो, आज रविवार आहे ना, बरण्या उद्या न्या."

मात्र प्रवासाने पर्यावरण सुधारतं असं म्हणायला मी तयार नाही. मुंबई-फ्रँकफर्ट अंतर साधारण साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन एका माणसामागे टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी येतो दोनेक टन. आयुष्यभर कापडी पिशवी वापरून हा आकडा फिटणार नाही. विमानाच्या धुरावर अनामत नाही, तो परत घेणारं यंत्र नाही, आणि तिकिटावर त्याची किंमतही छापलेली नसते. तो चुरडून टाकलेल्या बाटलीसारखाच, बाहेर पडला की कुणाचाच नाही. म्हणून जायचंच असेल तर कमी वेळा जावं आणि गेल्यावर जास्त राहावं, एवढंच मला सुचतं. पर्यावरणाचे धडे घ्यायला विमानात बसणं हा मात्र शुद्ध विनोद होईल.

पण नातवंडं तिकडे असतात आणि आज्या जातातच. मग परत आल्यावर एखादी आजी किराणा दुकानात जाऊन सरळ विचारते, "ही मोकळी बाटली परत घेता का?" तिचा प्रश्न भाबडा नाही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकबंदी केली, तेव्हा अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्या पुनर्खरेदीच्या किमतीला परत घेण्याची तरतूद होती. माल बनवणाऱ्यानेच त्याच्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, असे केंद्राचेही नियम आहेत. दुकानदार भला माणूस असतो, हसत नाही. म्हणतो, "मी घेईन हो काकू. कंपनीच्या टेम्पोवाल्याला तुम्हीच विचारा, तो नेतो का. मंगळवारी सकाळी येतो."

मंगळवारी सकाळी काकू टेम्पोवाल्याला विचारायला जातात.