साह्ती आणि चवीचा निकष

साह्ती ही फिनलंडमधल्या शेतकरी घरांत पिढ्यानपिढ्या होत आलेली बिअर. दक्षिणेकडचा हॅमे प्रांत तिचे माहेरघर. मोड आणून वाळवलेले जव आणि जोडीला बहुधा राय हे धान्य गरम पाण्यात मुरवून ‘कूर्ना’ नावाच्या लांबट लाकडी डोणीत ओततात. डोणीच्या तळाशी जुनिपरच्या डहाळ्या अंथरलेल्या असतात. त्यांतून गोड रस गाळून निघतो. हा रस सहसा उकळत नाहीत, हॉप्स घातलेच तर नावापुरते, आणि यीस्ट पाव फुगवण्याचे. तयार होणारे पेय गढूळ, दाट, गोडसर असते. फेस जवळजवळ नसतो. पिकलेल्या केळ्याचा वास मात्र ठसठशीत.

हा वास आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा. साह्तीत तो हवासा; फिकट लागर बिअरमध्ये तो ठळक आला, तर परीक्षक गुण कापतात. द्रव्य तेच, निवाडा उलटा. मग चव म्हणजे निव्वळ ज्याची त्याची आवड, की तिलाही काही निकष असतो?

तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये कॅनरी वाइनचा दाखला देऊन पहिली बाजू घेतली: ती रुचते म्हणजे ‘मला’ रुचते, त्यावर वाद नाही. दुसऱ्या बाजूने तत्त्वज्ञ ह्यूमने १७५७ च्या निबंधात ‘डॉन किहोते’ या कादंबरीतली गोष्ट सांगितली. एका पारख्याला वाइनमध्ये चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले, पण पिंप रिकामे केल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली निघाली.

साह्तीच्या बाबतीत ह्यूम अधिक उपयोगी, पण अपुरा. वाइनमध्ये किल्ली नसावी, हे सर्वांना आधीच मान्य होते. केळ्याचा वास असावा की नसावा, इथेच तर वाद आहे. तो नाकाने सुटत नाही. पेय कोणत्या जातीचे, हे आधी ठरावे लागते. लागर पिऊन मुरलेल्या परीक्षकाकडे ह्यूमला पारख्यात हवा असलेला सराव असतो, पण तो भलत्याच जातीचा.

पण म्हणून हॅमेत काहीही चालते असे नाही. न उकळल्यामुळे साह्ती लवकर आंबते, थंड ठेवूनही काही आठवडेच टिकते, आणि आंबलेली साह्ती तिथेही बिघडलेलीच समजतात. युरोपीय संघाने २००२ मध्ये हे नाव पारंपरिक कृतीशी बांधून संरक्षित केले. त्यामुळे साह्ती कशाला म्हणावे, हे कायद्याने सांगता येते. अमुक घाणा चांगला उतरला का, हे मात्र अनेक घरची साह्ती प्यालेल्यांनाच विचारावे लागते.