हजेरीपटातील रिकामा रकाना

उदगीरच्या बाजारपेठेत विहिरींवरच्या मोटारी भरून देणारे एक दुकान आहे. तेथे एकोणीस वर्षांचा एक मुलगा तांब्याच्या तारेचे वेढे इतके एकसारखे घाली की साठीकडे झुकलेले त्याचे मिस्त्रीही घटकाभर काम थांबवून पाहत राहत. एके दिवशी दुपारी गिऱ्हाईक दारात उभे असता मिस्त्रींनी पाठीमागून नेहमीच्या उंच स्वरात "झालं का रं?" असे विचारले मात्र, मुलाच्या हातातील तार गळून पडली, तो उठला, चप्पलही न घालता बाहेर पडला आणि चार दिवस कामावर रुजू झाला नाही. बालगृहातून वयाच्या अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलामुलींना गावातल्या कारागिरांकडे कामाला लावावयाचे, दर शनिवारी दुकाने फिरून हजेरीपट तपासावयाचा आणि महिन्याअखेर विद्यावेतनाचा हिशेब करावयाचा, ही माझी नोकरी असल्यामुळे त्या चार रकान्यांत काय लिहावे हा प्रश्न प्रथम माझ्यासमोर आला. वरवर तो कारकुनी प्रश्न आहे. परंतु त्याचा काहीसा शोध घेत गेलो तेव्हा तो कर्म, कसूर आणि करुणा या जुन्या त्रिकुटापाशी जाऊन थांबतो असे माझ्या ध्यानात आले.

उदगीर हे १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातले गाव. निजामी अंमल १९४८ साली संपला तरी त्या अमदानीची दफ्तरी भाषा आमच्या तोंडून अद्याप गेलेली नाही. गैरहजर माणूस कसूरदार, आणि कसूर शाबीत झाली की नाव खारीज, हा तिचा साधा न्याय आहे. मीही एकदा तो बजावला आहे. पूर्वी अशाच एका मुलाला मी समोर बसवून कर्तव्यावर अर्धा तास व्याख्यान दिले, त्याने मान खाली घालून सर्व ऐकले, दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आठव्या दिवशी मी त्याचे नाव कमी केले, आणि तो हैदराबादच्या गाडीत बसला एवढेच पुढे कळले. त्या व्याख्यानात मी गीतेचा आधार घेतला होता, याची मला आज विशेष लाज वाटते. कारण गीता मी तेव्हा नीट वाचलेलीच नव्हती.

गीतेचा आरंभ तत्त्वज्ञानाने होत नाही, शरीराने होतो. अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचा पोळते, हातातून गांडीव निसटते, आणि ज्याने आयुष्यभर नेम चुकविला नाही तो धनुर्धर रथात मटकन बसतो. त्याची व्यथा पुढे होणाऱ्या संहाराची होती, आमच्या मुलांची घडून गेलेल्याची आहे; पण हा काळभेद शरीराला कळत नसावा. आता सारथ्याने काय केले ते पाहावे. त्याचे पहिले उत्तर दटावणीचेच आहे: हे क्लैब्य तुला शोभत नाही, दुबळेपणा टाक, ऊठ. ते उत्तर फसले. अर्जुन उठला नाही. त्याने आपली व्यथा पुन्हा मांडली, लढणार नाही असे सांगितले आणि तो गप्प झाला. पुढचा सगळा उपदेश, ज्याच्यावर आचार्यांनी भाष्ये लिहिली, तो या फसलेल्या दटावणीनंतर, किंचित हसऱ्या मुद्रेने सुरू होतो. आणि अठराव्या अध्यायात, सांगण्यासारखे बहुतेक सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय शिष्याच्या हाती सोडला जातो. पर्यवेक्षकाच्या धंद्यातल्या माणसाने हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मी त्यातली पहिली दोन वाक्येच उचलली होती.

मग अशा मुलाला सर्व माफ करावे काय? दयाळू माणसे तसे म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी बहुधा एक शब्द असतो: प्राक्तन. बिचाऱ्याचे भोगच तसे. प्रारब्धाच्या सिद्धान्ताशी माझे भांडण नाही. स्वतःच्या दुःखापुढे उभे राहताना तो शब्द कित्येकांना बळ देतो. परंतु तो प्रथमपुरुषी एकवचनातच वापरण्याचा शब्द आहे. दुसऱ्याच्या जखमेला लावला की तो निर्दयपणाचे सोवळे नाव होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मातीदगडांच्या भिंतींखाली गेली. तेथल्या पोरक्या लेकरांना त्यांचे संचित ऐकविणाऱ्यांपेक्षा नळदुर्गला 'आपलं घर' उभारणारे पन्नालाल सुराणा आणि शेकडो मुलांना पुण्याला शिकावयास नेणारी भारतीय जैन संघटना, यांनी कर्मसिद्धान्त अधिक जाणला होता असे मला वाटते.

आणि संपूर्ण माफीत एक अपमानही दडलेला असतो. मुलाचे निघून जाणे त्याचे नव्हे, त्याच्या जखमेचे कृत्य, असे एकदा ठरविले की तारेचे ते एकसारखे वेढे तरी त्याचे कसे म्हणावे? दटावणी आणि माफी यांच्यामधली वाट मला बसवेश्वरांच्या परंपरेत दिसते. आमच्या उदगिरात कितीएक दुकानांत गल्ल्याच्या वर बसवेश्वरांची तसबीर असते आणि त्यांचे कल्याण नगर येथून दक्षिणेला फार दूर नाही. श्रमालाच कैलासाची प्रतिष्ठा देणाऱ्या त्यांच्या अनुयायांत, म्हणजे शरणांत, मारय्या नावाचा एक पुरुष सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक, म्हणजे व्रत मानलेले काम, करी. तत्त्वचर्चेत रमून तो एकदा कायक विसरला, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने त्याला तेवढी आठवण दिली. आणि पुढे गरजेहून अधिक तांदूळ त्याने आणले, तेव्हा जादा धान्य जेथले तेथे परत टाकून यावयास लावले. काम थांबल्याचे तिने चालवून घेतले नाही आणि जास्तीचे दानही घेतले नाही. पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण मी पुष्कळ पाहिले. लक्कम्मेएवढे नेमके कोणी काही सांगितल्याचे स्मरत नाही.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अठरा ते एकवीस या वयासाठी अनुरक्षणाची, संस्थेतून बाहेर पडलेल्यांना आधार देण्याची, तरतूद आहे. म्हणजे तीन वर्षांच्या मुदतीत माणूस उभा राहावा अशी अपेक्षा. याउलट औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय काढले, आणि ती मुले सज्ञान होऊ लागताच त्यांनी राहावे, कमवावे, संसार करावा म्हणून 'हॅपी इंडियन व्हिलेज' वसविले, त्यात ही मुदत मोजण्याची घाई दिसत नाही.

पाचव्या दिवशी तो मुलगा मला किल्ल्याच्या खंदकापाशी भेटला. मी या वेळी व्याख्यान दिले नाही, शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सर, मागून कुणी ओरडलं की मला हातच राहत नाहीत." मी ते वाक्य त्याच्या परवानगीने मिस्त्रींना सांगितले. ते आधी रागातच होते: "साहेब, पोरगं कामाला चांगलं हाय, पण असं न सांगता गेल्यावर मी गिऱ्हाइकाला काय सांगू?" हा प्रश्न रास्त होता आणि मी तसे कबूल केले. मिस्त्री काही वेळ पान लावीत बसले. मग उठून त्यांनी मुलाचा बाक स्वतःच्या हाताने फिरविला, पाठ भिंतीकडे आणि तोंड दाराकडे. मुलानेही एक अट मान्य केली: जावेसे वाटले तर जावे, पण पाटीवर खडूची एक रेघ ओढून जावे.

हजेरीपटातील चार रकाने मी रिकामे ठेवले होते. कचेरीने त्याचा खुलासा मागविला. मी लिहिले की, चार दिवस काम झालेले नाही, सबब विद्यावेतन कापावे. कसुरीचा शेरा मात्र मारू नये. पैसे कापले गेले, मुलाने पावतीवर सही केली, आणि त्याचे नाव पटावर कायम आहे.