ओवीतला नाताळ

डिसेंबरात गोव्यातल्या पेडण्या-डिचोलीच्या पहाटेला गारवा येतो. इथली ख्रिस्ती घरं तशी मोजकीच. हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आले तेच 1780च्या दशकात. तरी दारात कागदी नक्षत्र लागतं, येशूजन्माचा गोठा सजतो आणि शेजारी नेवऱ्या-दोदोलाचं ताट जातं. गणेशचवथीला हिंदू शेजाऱ्यांकडून आलेल्या नेवऱ्यांची ती परतफेडच म्हणायची!

या सणाची गोष्ट मराठीत ओवीबद्ध केली ती एका इंग्रजानं. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि साष्टीत राहून इथली भाषा शिकले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापलं गेलं. ओव्या सुमारे 11,000, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. येशूजन्म येतो तो ‘दुसऱ्या पुराणा’त.

काळ सौम्य नव्हता. देवळं पाडली जात होती, जुन्या पोथ्या हिरावल्या जात होत्या. धर्म बदलला, तरी पुराण ऐकण्याची कानांची सवय कशी सुटणार? स्टीफन्सनी ती ओळखली. मग रविवारी नि सणांना देवळांतल्यासारखंच चर्चमध्येही पुराण वाचलं जाऊ लागलं. छंद तोच, ज्ञानेश्वरीचा.